इंजिन पुढे, मागे की मधोमध?

परभणी जिल्ह्यात दोन पावसाळे पाहिलेल्या डांबरी रस्त्याला लाटा कशा येतात, हे इथल्या प्रत्येक चालकाला माहीत आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते आणि तिच्या पाठीवरचा रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. त्यात जायकवाडीच्या कालव्याखालच्या पाथरी-मानवत पट्ट्यात हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतातून थेट हमरस्त्यावर येतात आणि चाकांची माती डांबरावर सोडून जातात. स्पोर्ट्‌स कारचं इंजिन कुठे असावं आणि त्याची ताकद कोणत्या चाकांना द्यावी, हा प्रश्न सोडवायला इथूनच सुरुवात करायला हवी. युरोपातल्या रेस ट्रॅकवर जे उत्तर बिनचूक ठरतं, ते परभणी-जिंतूर रस्त्यावर चुकू शकतं.

हा प्रश्न जिल्ह्यात दोन प्रकारच्या लोकांना पडतो. एक, ज्यांच्याकडे थोडे पैसे साठले आहेत आणि ज्यांना नवी किंवा जुनी वेगवान गाडी घ्यायची आहे. दुसरे, परभणी-नांदेडच्या महाविद्यालयांतून अभियांत्रिकी शिकणारी मुलं, ज्यांना स्वतः गाडी बांधायची आहे. दोघांसाठी उत्तर वेगळं आहे. विकत घेणाऱ्याने इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना, अशी गाडी निवडावी. बांधणाऱ्याने इंजिन पुढे ठेवून ताकद मागच्या चाकांना द्यावी. मधल्या इंजिनाचा मोह ट्रॅकवरच्या एकआसनी गाडीसाठी राखून ठेवावा. यामागची कारणं समजून घेतली, तर वाचकाला आपल्या गरजेप्रमाणे हे मत बदलताही येईल.

सगळ्याचं मूळ वजनात आहे. भरलेली ट्रॉली घेऊन चढ चढणारा ट्रॅक्टर पुढून हलका होतो, स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं ऐकत नाहीत, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून तर ट्रॅक्टरच्या नाकावर बिडाची वजनं टांगतात. १९६० च्या दशकात पोर्शे कंपनीने नेमकं हेच केलं होतं. १९६३ मध्ये जगासमोर आलेल्या ९११ या गाडीचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे होतं. वळणावर तिची शेपटी सुटायची आणि नाक हलकं वाटायचं. त्यावर उपाय म्हणून कंपनीने पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत बिडाची वजनं बसवली. १९६९ च्या मॉडेलमध्ये मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, तेव्हा कुठे गाडी शांत झाली. जगातल्या नावाजलेल्या अभियंत्यांनाही शेतातल्या युक्तीचा आधार घ्यावा लागला, कारण वजनाचा नियम दोन्हीकडे तोच आहे.

हा नियम आकड्यांत मांडणं अवघड नाही. गाडीने वेग घेतला की काही वजन पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं? गाडीचं वजन गुणिले प्रवेग, गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन आसांमधलं अंतर. १,००० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, आसांमधलं अंतर २.४ मीटर आणि प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा धरला, तर जवळपास ९४ किलो वजन मागे जातं. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबताच पुढची चाकं हलकी होतात आणि मागची घट्ट रुततात. ताकद पुढच्या चाकांना दिली असेल तर ऐन गरजेच्या वेळी त्यांची पकड कमी होते, मागच्यांना दिली असेल तर वाढते. बहुतेक स्पोर्ट्‌स कार मागच्या चाकांवर का पळतात, याचं निम्मं उत्तर या एका गुणाकारात आहे.

याच गाडीचा हिशेब पुढे नेला की गंमत दिसते. कोरड्या चांगल्या डांबरावर टायरची पकड ०.९, म्हणजे चाकावरच्या वजनाच्या ०.९ पट, धरू. पुढे ६२ टक्के वजन असलेली फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांना ओढ असलेली गाडी चाकं न घसरता गुरुत्वाकर्षणाच्या ०.४८ पट प्रवेग घेऊ शकते. इंजिन पुढे, ओढ मागे आणि वजन ५२-४८ असेल तर ०.५२ पट. इंजिन मधोमध आणि ५८ टक्के वजन मागे असेल तर ०.६३ पट. इथपर्यंत पुस्तकांत सांगितलेलं खरं ठरतं. आता रस्ता ओला करू आणि पकड ०.५ वर आणू. फ्रंट व्हील ड्राइव्ह ०.२८ वर येते, पुढे इंजिन व मागे ओढ असलेली गाडी ०.२६ वर आणि मधल्या इंजिनाची ०.३२ वर. म्हणजे पावसात, पुढे इंजिन असलेल्या गाडीत मागच्या चाकांच्या ओढीचा फायदा संपतोच, उलट ती किंचित मागे पडते. कारण पकड कमी असली की प्रवेग कमी, प्रवेग कमी की वजन मागे सरकत नाही. उसाच्या ट्रॉल्यांच्या मातीने माखलेल्या डांबरावर हा फरक आणखी वाढतो.

दुसरा धडा ताकदीचा. वर काढलेली ०.४८ ची मर्यादा ताशी ६० किलोमीटर वेगाला गाठायची असेल, तर चाकांपर्यंत सुमारे १०५ अश्वशक्ती पोहोचावी लागते. ह्युंदाई आय२० एन लाइनच्या इंजिनाची ताकद १२० अश्वशक्ती आहे. तिची पुढची चाकं कोरड्या रस्त्यावर पहिल्या गिअरच्या पुढे क्वचितच घसरतील. दीडशे अश्वशक्तीच्या आत ‘पुढची चाकं ताकद पेलत नाहीत’ ही तक्रार बहुतांशी ऐकीव असते. दोनशेच्या पुढे मात्र ती खरी होत जाते. म्हणून इंजिन कुठे आहे हे विचारण्याआधी ते किती ताकदीचं आहे, हे विचारावं.

फ्रंट व्हील ड्राइव्हची चांगली उदाहरणं शोधायला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा कारखाना आहे. तिथे जुळणी होऊन २०१७ मध्ये विक्रीला आलेल्या ऑक्टाविया आरएसमध्ये २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि २३० अश्वशक्ती होती, सगळी पुढच्या दोन चाकांना. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंतो तयार होऊ लागली. १.४ लिटरच्या टर्बो इंजिनातून १४५ अश्वशक्ती, पुढच्या चाकांवर. दोन्ही गाड्या दिसायला घरगुती, पण चांगल्या चालकाच्या हातात भल्याभल्यांना मागे टाकणाऱ्या. जुन्या बाजारात त्या आजही मिळतात.

या रचनेचा दोष लपवण्यात अर्थ नाही. पुढचे टायर एकाच वेळी गाडी वळवतात आणि ओढतातही. टायरची एकूण पकड ठरलेली असते. ओढण्यात ती खर्च झाली की वळवायला उरत नाही आणि गाडी वळणाच्या बाहेर सरकते. ताकद जास्त असेल तर जोरात ॲक्सिलरेटर देताना स्टिअरिंग हातात खेचल्यासारखं होतं. पण या गाडीची चूक चालकाला आधी कळते आणि पाय उचलला की सावरते. एकेरी रस्त्यावर समोरून ट्रॅव्हल्स येत असताना हा गुण लाखमोलाचा आहे. शिवाय ही रचना गल्लोगल्लीच्या गॅरेजला ठाऊक आहे. सीव्ही जॉइंट, बेअरिंग, क्लच, सगळं काम परभणीत होऊ शकतं.

आता बांधणाऱ्यांकडे वळू.

अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने रोडस्टर नावाची गाडी बनवली. तिचा सांगाडा १९५७ च्या लोटस सेव्हनच्या वळणाचा. लांब नाक, उघडी चाकं, दोन माणसं जवळजवळ मागच्या आसावर बसलेली. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, त्यामागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट आणि मागे डिफरन्शियल. हेच इसुझू इंजिन ॲम्बेसेडरमध्येही येत असे. आरामशीर गाडीचं इंजिन हलक्या सांगाड्यात बसवलं की स्पोर्ट्‌स कार होते, हा या घाटाचा खरा मंत्र. माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ आणली तेव्हा हाच विचार आधुनिक पद्धतीने केला. इंजिन पुढच्या आसाच्या मागे ढकललं, वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलं आणि गाडी एक टनाच्या आसपास ठेवली. ती दहा लाखांहून अधिक विकली गेली आहे.

परभणीच्या विद्यार्थ्याला असा संच शोधायला लांब जायची गरज नाही. मारुती ईको जवळपास प्रत्येक तालुक्यात धावते. तिचं १.२ लिटरचं इंजिन पुढच्या आसनांखाली उभ्या रेषेत बसलेलं असतं आणि ताकद शाफ्टने मागच्या चाकांना जाते. ईकोच्या जुन्या इंजिनाची ताकद साधारण ७३ अश्वशक्ती. नळ्यांचा सांगाडा नीट बांधून गाडी ६०० किलोंत बसवता आली, तर टनामागे १२० अश्वशक्ती मिळते. आजच्या कित्येक टर्बो हॅचबॅकचं गुणोत्तर याच्याच आसपास आहे. आणि मागचा आस, क्राउन-पिनियन, युनिव्हर्सल जॉइंट हे सगळं भंगार बाजारातही सापडतं. इथे मागची चाकं ओढतात आणि पुढची फक्त वळवतात. गाडी शिकायला आणि समजून घ्यायला यापेक्षा प्रामाणिक रचना दुसरी नाही. इंजिन शक्य तितकं मागे आणि खाली बसवावं. चालकाचं वजनही हिशेबात धरावं, कारण ६०० किलोंच्या गाडीत ७० किलोंचा माणूस म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त भार आहे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगते फेरफार करता येत नाहीत, आणि नव्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेची मान्यता लागते. एमएच-२२ ची पाटी लावून घरी बांधलेली गाडी स्टेशन रोडवर फिरवण्याचं स्वप्न सोडून द्यावं. ती खासगी जागेत किंवा ट्रॅकवर चालवावी. जुन्या हॅचबॅकचं इंजिन उचलून मागे बसवण्याचे व्हिडिओ पाहून तसं काही करणं बेकायदाही आहे आणि जिवावर बेतणारंही.

मधलं इंजिन म्हणजे चालकाच्या पाठीमागे पण मागच्या आसाच्या पुढे. याची मोहिनी समजण्यासारखी आहे. १९५९ मध्ये जॅक ब्रॅबमने इंजिन पाठीमागे असलेल्या कूपर गाडीत फॉर्म्युला वनचं विजेतेपद मिळवलं. पुढच्याच वर्षी मोंझा इथे फेरारीने मिळवलेला विजय हा पुढे इंजिन असलेल्या गाडीचा त्या स्पर्धेतला अखेरचा ठरला. शेवरोले कॉर्वेटने १९५३ पासून इंजिन पुढे ठेवलं होतं, तिनेही २०२० च्या मॉडेलपासून ते मधोमध आणलं. जड वस्तू मध्यभागी एकवटली की गाडी स्वतःभोवती झटकन फिरते. वळणावर स्टिअरिंगला लगेच उत्तर मिळतं. तोच गुण उलटतोही. पकड सुटली तर ती तितक्याच झटकन गरकन फिरते आणि सावरायला वेळ देत नाही.

महाराष्ट्रात या रचनेचे दोन गंभीर प्रयत्न झाले. डीसी डिझाइनची अवंती २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दिसली आणि २०१५ च्या सुमारास ग्राहकांपर्यंत पोहोचली. रेनोचं २ लिटरचं टर्बो इंजिन, २५० अश्वशक्ती, मागची ओढ. तिची जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर ठेवली होती आणि हा निर्णय भारतीय रस्ते पाहूनच घेतलेला होता. दुसरी टाटा मोटर्सची रेसेमो. मार्च २०१७ मध्ये ती जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेली. १.२ लिटरचं रेव्होट्रॉन टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती, शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आत. ती उत्पादनापर्यंत पोहोचली नाही, याची खंत वाटते. दोन्ही गाड्यांनी एक शहाणी वाट धरली होती. सर्वसाधारण गाडीसाठी बनवलेलं इंजिन घ्यायचं आणि ते आसनांमागे बसवायचं. फियाटची एक्स१/९, टोयोटाची एमआर२, लोटसची एलिस याच वाटेने घडल्या.

पण परभणीत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. मधल्या इंजिनाला वारा समोरून थेट मिळत नाही. रेडिएटर बहुधा पुढे असतो, तिथून गरम पाण्याच्या लांब नळ्या गाडीखालून मागे जातात, आणि गाडी उभी राहिली की इंजिनाची धग केबिनच्या भिंतीशी कोंडते. रेल्वे फाटकाजवळ दहा मिनिटं थांबावं लागलं तर पंख्यांवरच सगळी मदार. बाजूच्या खिडक्यांतून हवा खेचणाऱ्या गाड्यांत आपल्याकडची बारीक धूळ फिल्टरमध्ये वेगाने साचते. पट्टा बदलायचा असो की सेन्सर, हात पोहोचायला आधी अर्धी गाडी उघडावी लागते. ज्याच्या घरापासून अशी गाडी उघडू शकणारा कुशल मेकॅनिक दोनशे किलोमीटरवर आहे, त्याने हा खर्च आणि खोळंबा आधीच हिशेबात धरावा.

एकआसनी रेस कारला मात्र हे आक्षेप लागू होत नाहीत. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. तिथे पेट्रोल इंजिन ७१० सीसीच्या आत असावं लागतं आणि पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून घ्यावी लागते. चाकणला बनलेलं जुन्या केटीएम ३९० चं ३७३ सीसी इंजिन या गाड्यांत हमखास दिसतं. मोटरसायकलच्या इंजिनालाच गिअरबॉक्स जोडलेला असतो, त्यामुळे ते पाठीमागे आडवं ठेवून साखळीने मागचा आस फिरवणं सर्वांत हलकं आणि स्वस्त पडतं. मुंबईच्या सोमय्या महाविद्यालयाची ओरायन रेसिंग अशाच गाड्या बांधत पुढे आली. परभणी-नांदेडच्या संघाने पहिल्या वर्षी हीच रचना घ्यावी. नवी रचना शोधण्यापेक्षा सांधे, ब्रेक आणि वेल्डिंग यांवर वेळ घालवावा.

मागच्या आसाच्या मागे लटकणारं इंजिन नव्याने कोणी निवडू नये. पोर्शेला ते साधलं, पण त्यासाठी अनेक दशकं द्यावी लागली, आणि २०१७ च्या ९११ आरएसआर या ले माँच्या रेस कारमध्ये त्यांनीच इंजिन आसाच्या पुढे आणलं. पुण्यात विकसित झालेल्या टाटा नॅनोचं ६२४ सीसी इंजिनही मागेच होतं. तिथे हेतू वेगाचा नव्हता, लहान लांबीत चार माणसांना जागा द्यायची होती. तरीही अभियंत्यांनी पुढे १३५ आणि मागे १५५ मिलिमीटर रुंदीचे टायर दिले. मागचं जड वजन वळणावर सांभाळायला ही रुंदी हवीच होती. नॅनोचे चारही टायर सारखे करून घेणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी.

चारही चाकांना ताकद देण्याची कल्पना मोहक आहे. १९८० च्या ऑडी क्वाट्रोने रॅलीचं जगच बदललं. जिथे दोनच चाकांना ओढ असलेली गाडी निम्म्या पकडीवर सुटते, तिथे ही पूर्ण पकड वापरते. पण ती फक्त वेग घ्यायला मदत करते. ब्रेक लावताना चारचाकी ओढीचा काही उपयोग नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. चिखलात ही गाडी सहज सुटते म्हणून चालकाचा विश्वास वाढतो आणि थांबायच्या वेळी तोच विश्वास घात करतो. वजन, किंमत आणि देखभाल तिन्ही वाढतात. तीनशे अश्वशक्तीच्या आत परभणीच्या वाचकाने हेच पैसे उत्तम टायरवर खर्च करावेत.

विजेच्या गाड्यांनी या चर्चेची पाटी बरीच कोरी केली आहे. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा बीई ६ ची मोटर मागच्या आसाशी आहे, ताकद २८६ अश्वशक्तीपर्यंत आणि जड बॅटरी जमिनीलगत पसरलेली. गुरुत्वमध्य खाली आल्याने वरच्या गुणाकारातली उंची घटते आणि वजन कमी सरकतं. मोटर लहान असल्याने ती मागे ठेवली तरी शेपटी जड होत नाही. घरच्यांना सामावून घेणारी आणि तरी मागच्या चाकांवर पळणारी गाडी ज्यांना हवी आहे, त्यांच्यासाठी आज ही सर्वांत सोपी वाट आहे.

जुनी गाडी घेताना रचनेप्रमाणे तपासणी बदलावी. फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरावं, कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट गेलेला आहे. मागची ओढ असेल तर ताशी ६० वर ॲक्सिलरेटर सोडून ऐकावं, मागून घूं घूं ऐकू आली तर क्राउन-पिनियन तपासून घ्यावं. मधलं इंजिन असेल तर गाडी पूर्ण तापवून, एसी लावून वीस मिनिटं उभी ठेवावी आणि तापमानाचा काटा पाहावा. मग टाकी भरून, दोन माणसं बसवून ती गतिरोधकावरून न्यावी. मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, गावोगावी तो अरुंद आणि टोकदार असतो. म्हणून परीक्षा आपल्या गावच्या गतिरोधकावरच घ्यावी, शोरूमजवळच्या नव्हे. पोट घासलं तर बाकी सगळं पसंत असूनही गाडी परत करावी.